तीन मिनिटं पन्नास सेकंदांची फुटपट्टी

त्यांना ते गाणं आवडत नसे. हे आधीच सांगून टाकते, कारण पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण तिथेच फसायचा. साठीकडे झुकलेला, शर्ट नीट खोचलेला, चष्मा कपाळावर चढवलेला एक मराठी माणूस मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या पार्किंग लॉटमध्ये बंद गाडीत बसतो, युरोपातलं नाचाचं गाणं मोठ्याने लावतो आणि डोळे मिटून घेतो, हे पाहून कुणाचाही गैरसमज होणारच. मीही सुरुवातीला विचारलं होतं, तुम्हाला हे गाणं एवढं का आवडतं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पान्याची रास विचारली होती.

"आवडायचा प्रश्न कुठे येतो?" ते म्हणाले. "फुटपट्टी आवडते का कोणाला?"

आम्ही दोघं गाड्यांची दारं बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. दारं म्हणजे दाराची आतली बाजू. प्लास्टिकचं पॅनेल, काच वरखाली करणारी यंत्रणा, वायरींची जुडगी, स्पीकर, आणि हे सगळं जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या पुष्कळशा क्लिपा. यातली एखादी क्लिप केसभर सैल राहिली की दार बोलायला लागतं. गिऱ्हाईक नवी कोरी गाडी घेऊन घरी निघतं, हौसेनं गाणं लावतं आणि कोपऱ्यातून किर्र असा आवाज येतो. त्यानंतर ते गाणं ऐकतच नाही, किरकिर ऐकत बसतं. ती किरकिर गाडी विकली जाण्याआधी पकडायची, हे आमच्या विभागाचं काम. मला बहिणीने एकदा फोनवर विचारलं की नक्की काय करतेस तू तिकडे, तेव्हा मी सांगितलं होतं, दारं गप्प करते.

यासाठी कंपनीकडे रीतसर यंत्रं होती. भिंतींना फोमचे सुळके लावलेल्या खोलीत गाडी उभी करायची, स्पीकरमधून खर्जापासून वर वर चढत जाणारा एकच सूर सोडायचा आणि माइकने टिपून त्याचा आलेख काढायचा. तो आलेख चांगला आला की कागदावर शेवटचा एक रकाना उरायचा, माणसाने कानांनी ऐकून द्यायच्या निकालाचा. तिथे त्यांची सही लागे. यंत्रावर त्यांचा राग नव्हता. यंत्राला त्याचं काम ते मनापासून करू देत आणि मग खिशातून सीडी काढत.

ती सीडी म्हणजे बेल्जियममधल्या एका ग्रुपचं पहिलंवहिलं गाणं. नव्वदच्या दशकातलं. कव्हरवर चंदेरी जाकिटं घातलेले दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघंही कॅमेऱ्यावर रागावल्यासारखी. हे पहिलंच गाणं तिकडे एवढं वाजलं, की दुकानांत, स्केटिंगच्या रिंगणांत, जत्रेतल्या पाळण्यांवर दुसरं काही लागतच नसे म्हणे. पुढे त्या तिघांचं काय झालं हे त्यांनी कधी शोधलं नाही. मी शोधलं. दुसरं गाणं पडलं होतं आणि तिसरं कुणी ऐकलंच नव्हतं. मी ते सांगितल्यावर म्हणाले, "बरं झालं नं. चालली असती तर मला दुसरी सीडी घ्यायचा मोह झाला असता."

गाणं तीन मिनिटं पन्नास सेकंदांचं. पहिली चाळीस सेकंद नुसते ठोके. मग खालून बेस येतो आणि दाराचा खालचा खिसा थरथरायला लागतो. त्यावर एक बाई दोनच ओळी पुन्हा पुन्हा म्हणत राहते, आणि सगळ्याच्या वर झांजेसारखं काहीतरी टिस-टिस वाजत असतं, शेवटपर्यंत. अडीच मिनिटांनी सगळं एकदम थांबतं. दीड सेकंद काहीच नाही. मग पुन्हा सगळं एकदम. ते म्हणत, बाकी गाणं त्या दीड सेकंदासाठी आहे. संगीत थांबतं आणि दाराला थांबायचं भान राहत नाही, तिथे ते सापडतं.

माझी मुलाखत त्यांनी गाडीत घेतली. मी पुण्याहून येऊन दोन वर्षं झाली होती, आधीची नोकरी गेलेली, व्हिसाचे दिवस संपत चाललेले. मी फाइल सरसावून बसले होते. त्यांनी फाइलकडे पाहिलंही नाही. गाणं लावलं, आवाज बावीसवर नेला आणि ते संपल्यावर विचारलं, काय ऐकू आलं? मी म्हटलं, वाईट गाणं. आणखी? मी जरा चिडून म्हटलं, माझ्या खांद्याच्या मागे सीट बेल्टची पट्टी प्लास्टिकवर वाजतेय, तिने मला गाणंही धड ऐकू दिलं नाही. ते खाली उतरले, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, "सोमवारी ये."

त्यांना हाक काय मारायची हा प्रश्न मला पुष्कळ दिवस सुटला नाही. ऑफिसात सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. ते माझ्या तोंडातून निघेना. 'सर' म्हटलं तर ते मागे वळून कोण आलं ते पाहत. 'काका' म्हणायला ऑफिसात लाज वाटे. शेवटी मी "अहो" वर आले आणि तिथेच राहिले. आमच्याकडचा मिशिगनचा टेक्निशियन, सहा फूट उंच, दाढीवाला, त्याला वाटलं की हे त्यांचं घरचं नाव असणार. तोही म्हणायला लागला. "अहो, गाडी रेडी आहे." मी कधी दुरुस्त केलं नाही. घरी नवऱ्याला मी नावाने हाक मारते आणि ऑफिसात एक अमेरिकन माणूस दिवसभर अहो-अहो करतोय, हे मला फार गमतीचं वाटे.

त्यांच्या खिशात काळ्या फेल्टचे तुकडे असत, मागून चिकट असलेले. कुठे काही वाजलं की ते बोलत नसत, तुकडा लावत आणि पुढे जात. मंडळाच्या हॉलमधली पेटी, डॉक्टरांच्या वेटिंग रूममधली फ्रेम, आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं. माझी मुलगी तीन महिन्यांची होती, तेव्हा तिचा पाळणा हलवला की कुईं करायचा आणि ती जागी व्हायची. मी ऑफिसात एकदाच, सहज बोलून गेले. रविवारी अकरा वाजता ते दारात. पाळण्याखाली छोटा स्पीकर ठेवून त्यांनी ते गाणं लावलं, बावीसच्या हिशेबानेच. पोरगी ढिम्म हलली नाही. पूर्ण गाणं तिने झोपेत काढलं. त्यांनी दोन तुकडे लावले, चहा नको म्हणाले आणि गेले. तो पाळणा नंतर तीन घरी फिरला, कुठेही वाजला नाही.

लोक मात्र त्यांना घरी बोलवायला जरा बिचकत. एका ओळखीच्यांनी नवं घर घेतलं, सत्यनारायण घातला. पन्नास माणसं, खाली बेसमेंटमध्ये जेवण. आरती झाली, तीर्थप्रसाद सुरू झाला आणि यजमानीणबाईंच्या लक्षात आलं की हे हॉलच्या कोपऱ्यात जमिनीवर आडवे आहेत आणि त्यांचा कान हीटिंगच्या जाळीला लावलेला आहे. बाईंना वाटलं, हार्ट अटॅक. धावपळ झाली. ते उठून बसले, शांतपणे प्रसाद हातावर घेतला आणि म्हणाले की खाली गरम हवेच्या डक्टचा एक सांधा सुटलाय, बिल्डरला आजच कळवा. काकू, म्हणजे त्यांची बायको, भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मी दुसरीकडे पाहून राहिली. तूही पाहा."

त्यांचे हट्ट पुष्कळ होते, पण सगळ्यांत मोठा हट्ट एकाच गाण्याचा. मध्ये एका नव्या मॅनेजरने सुचवलं की दहा वेगवेगळ्या गाण्यांची यादी करू, सगळ्या प्रकारचं संगीत त्यात येऊ दे. सूचना वाजवी होती. त्यांनी मीटिंगमध्ये ऐकून घेतली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "दोन फुटपट्ट्या असल्या की माणूस सोयीची वापरतो." यादी झाली, फाइलमध्ये गेली. सीडी खिशात राहिली. पुढे नव्या गाड्यांत सीडी घालायला जागाच उरली नाही, तेव्हा मी ते गाणं पेनड्राइव्हवर घेऊन दिलं. एवढ्यावर ते कुठले ऐकतात. जुन्या गाडीत सीडी, नव्या गाडीत पेनड्राइव्ह, असं तीन दिवस या गाडीतून त्या गाडीत बसून त्यांनी दोन्ही ताडून पाहिलं. चौथ्या दिवशी म्हणाले, चालेल.

हे गाणं त्यांच्या आयुष्यात आलं कसं, ते त्यांनी मला एकदा टेस्ट ट्रॅकवर जाताना सांगितलं. तीन तासांचा रस्ता होता आणि मी चालवत होते. नागपूरहून कंपनीने त्यांना आठ महिन्यांसाठी जर्मनीत पाठवलं होतं, आखेनला, बेल्जियमच्या सीमेवर. वय सव्वीस-सत्तावीस. हॉस्टेलवर खोली. काम समजेना, भाषा येईना, शाकाहारी माणूस बटाट्यावर जगत होता. शेजारच्या खोलीतले विद्यार्थी शनिवारी दुपारी हे गाणं लावायचे ते संध्याकाळपर्यंत तेच. भिंतीतून फक्त बेस यायचा, बाकी काही नाही. आणि यांच्या खोलीतल्या बेसिनवर काहीतरी वाजायचं. एका शनिवारी ते त्यामागे लागले. ग्लास हलवला, साबणाची डिश हलवली, आरसा काढला, नळाचा पाइप धरला. वाजणारी वस्तू हातात आली की ती गप्प व्हायची आणि दुसरी सुरू व्हायची. चार शनिवार गेले. शेवटी सापडलं, बेसिनच्या मागे भिंतीत एक स्क्रू अर्धा फिरलेला होता. त्यांनी तो दहा पैशांच्या नाण्याने घट्ट केला.

"आणि?" मी विचारलं.

"आणि काय. गप्प झालं." मग म्हणाले, "आठ महिन्यांत मला तिथे समजलेली ती पहिली गोष्ट." सोमवारी त्यांनी स्टेशनवरच्या दुकानातून ती सीडी विकत घेतली. प्लेअर नव्हता त्यांच्याकडे.

आता त्या इलेक्ट्रिक गाडीचं सांगते.

पेट्रोलच्या गाडीत इंजिनाचा आवाज बऱ्याच गोष्टी पोटात घालतो. इलेक्ट्रिक गाडीत पोट नाही. एक मोठी इलेक्ट्रिक गाडी बाजारात यायची होती, आणि तिची चारही दारं आमची होती. ड्रायव्हरच्या शेजारच्या दारात मला काहीतरी ऐकू आलं. फार बारीक. यंत्राच्या आलेखात तिथे टाचणीएवढा उंचवटा होता, मर्यादेच्या आतला. त्यांनी गाणं लावलं, बोटांची टोकं पॅनेलवर ठेवली, ऐकलं आणि सही केली. मी म्हटलं, अहो, मला वाटतं वर कुठेतरी काहीतरी आहे. त्यांनी लगेच पुन्हा लावलं, पूर्ण. हे त्यांचं चांगलं होतं, आपल्याला वाटतं एवढं म्हटलं तरी ते पुन्हा ऐकत. पण ऐकून म्हणाले, नाही. मी ते सोडून दिलं. अकरा वर्षांत त्यांचं 'नाही' चुकलेलं मी पाहिलं नव्हतं. दोन आठवड्यांनी दुसऱ्या एका दाराशी तसंच झालं. मी घरी नवऱ्याला म्हटलं, माझे कान तपासायला हवेत. तपासले. उत्तम होते.

त्यांची चाचणी मात्र दोन वर्षं झाली नव्हती. आम्हा लॅबवाल्यांसाठी वर्षातून एकदा कान तपासणारी व्हॅन येई. दोन्ही वर्षी ते कुठल्यातरी गाडीच्या गडबडीत होते. मी आडून विचारलं तर म्हणाले, "माझा कान रोज तपासला जातो. गाणं आहे नं. कान गेला असता तर गाणं कमी ऐकू आलं असतं." मला ते पटलं. हे लिहून ठेवते, कारण नंतर मी फार शहाणी असल्यासारखं सांगायचा मोह होतो. मला तेव्हा ते पूर्ण पटलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. काकूंनी पाटवडीचा रस्सा केला होता. ते खुर्चीत बसून पेपर वाचत होते आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर छताला धुराचा अलार्म होता. त्यातली बॅटरी संपत आली की तो मिनिटाला एकदा चिवकतो, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या आवाजाने माणूस पाच मिनिटांत शिडी शोधायला लागतो. अलार्म चिवकला. मी वर पाहिलं. पुन्हा चिवकला. माझ्या मुलीने वर पाहिलं. ते पान उलटत होते.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. काकू भाताला वाफ देत होत्या. मी काही विचारायच्या आधीच त्या बोलल्या, मागे न बघता.

"आठ दिवसांपासून वाजून राहिलं ते. मी मुद्दाम बॅटरी बदलली नाही. म्हटलं पाहू, कधी ऐकू येते."

"तुम्ही त्यांना बोललात?"

"मी बोलली तर म्हणतील, तुला काय कळते. तू बोल. तुझं ऐकतात."

बुधवारी त्या गाडीच्या दारांवर शेवटची सही व्हायची होती. त्यानंतर साचे कायम होणार, आणि त्यांना निवृत्त व्हायला चार महिने होते. त्यांनी सही केली तर किरकिर करणारी दारं त्यांच्या नावाने बाहेर पडणार. मी वरती सांगितलं तर त्यांना शेवटच्या चार महिन्यांत ऐकू न येणारा म्हातारा ठरवणार. त्यांना सांगितलं तर ते मानणार नाहीत, कारण त्यांच्याकडे रोजचा पुरावा होता. गाणं पूर्ण ऐकू येत होतं.

मग मी जे केलं ते काही छान नव्हतं. गाण्याची फाइल माझ्याकडे होतीच. कॉम्प्युटरवर घेऊन तिचा वरचा भाग कापून टाकला. झांज गेली, सगळी. बाईचा आवाज रजईखालून आल्यासारखा झाला. ठोके आणि बेस तेवढे राहिले. ती फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतली आणि मंगळवारी दुपारी, खोलीत आम्ही दोघंच असताना, गाडीत लावली.

ते बसले. चष्मा वर चढवला, बोटं दाराला लावली, डोळे मिटले. ठोके गेले, बेस आला, बाई आली. जिथे झांज सुरू व्हायला हवी ती जागा आली. त्यांच्या डाव्या हाताचं बोट गुडघ्यावर हलायला लागलं. टिस-टिस, टिस-टिस, अगदी बरोबर लयीत, नसलेल्या झांजेवर. अडीच मिनिटांनी सगळं थांबलं तेव्हा बोट थांबलं. दीड सेकंदाने पुन्हा सुरू झालं.

गाणं संपल्यावर म्हणाले, "ठीक आहे दार."

मी म्हटलं, "अहो, यात झांज नव्हती. मी कापली होती."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं पडलं असतं.

"पुन्हा लाव," म्हणाले. मी लावलं. त्यांनी या वेळी डोळे उघडे ठेवले आणि बोट मुठीत धरून ठेवलं. मग म्हणाले, आता खरं लाव. मी खरं लावलं. पूर्ण ऐकलं. सगळी मिळून अकरा-बारा मिनिटं गेली असतील.

"सारखंच आहे," ते म्हणाले. मग, "कुठून कापलं?"

"तीन हजार हर्ट्झच्या वरचं सगळं."

त्यांनी मान हलवली, एखाद्या रिपोर्टला हलवावी तशी. "म्हणजे तेवढं मीच वाजवून राहिलो होतो," ते म्हणाले.

मी पेनड्राइव्ह काढून घेतला. ते उतरून आपल्या टेबलाशी गेले. मला वाटलं, घरी जातील. त्यांनी खालच्या खणातून वह्या काढल्या. सापडलेला प्रत्येक आवाज ते लिहून ठेवत, गाडी कुठली, दार कुठलं, आवाज किती उंचीचा, कशाने गेला. ते मागे मागे जात राहिले. स्वतःला सापडलेला शेवटचा उंच आवाज त्यांना दीड वर्षामागच्या पानावर मिळाला. त्यानंतर सगळे खालचे. पानामागून पान खालचे. त्यांनी तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारली. "गाण्याने सांगितलं नाही," म्हणाले, "वहीने सांगितलं असतं, मी विचारलं नाही."

मी म्हटलं, बुधवारची सही मी करते, बाकीचं राहू दे, चार महिनेच तर आहेत. हे मी खरंच म्हटलं. त्यांनी मेल लिहायला घेतला. मॅनेजरला आणि मॅनेजरच्या वरच्याला. या तारखेपासून आजपर्यंत मी सही केलेली सर्व दारं दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा ऐकावीत, मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत, हे आज तपासून खात्री झाली. तीन ओळी. कुणी तपासलं ते लिहिलं नाही. पाठवायच्या आधी मला वाचायला सांगितलं, स्पेलिंगसाठी.

व्हायचं ते झालं. एक मीटिंग बंद दाराआड झाली, एका माणसाने त्यांच्याशी बोलणं सोडलं, लाँच पंधरा दिवस पुढे गेलं. त्यांचा सहीचा अधिकार काढून मला दिला. खोलीत येण्याचा त्यांचा पास मात्र काढून घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी आठवण केली नाही. आता ते आणि काकू दक्षिणेत फ्रिस्को गावी मुलीकडे असतात. त्यांच्या दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं आहेत. काकू फोनवर तक्रार करतात, की ताटं हळू ठेव म्हणून दिवसभर मागे लागून राहतात. मला वाटतं त्यांना ती तक्रार करायला आवडते.

पण पुन्हा ऐकायचा पहिला दिवस मला सांगायचाय. सत्तेचाळीस दारं होती. मी सवयीने त्यांचा पेनड्राइव्ह लावायला गेले तर त्यांनी हात आडवा घातला.

"हे नको."

"का? आता तर मी ऐकणार आहे."

"अकरा वर्षं ऐकलं तू हे. तुलाही पाठ झालं असेल. दुसरं लाव काहीही, जे तुला येत नाही ते."

मला राग आला, आणि मग मी मनातल्या मनात ते गाणं सुरू करून पाहिलं. ठोके, बेस, बाई, झांज, दीड सेकंद. कुठेही अडलं नाही. मी पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि फोनवर कुठल्याशा यादीतलं जे पहिलं गाणं आलं ते लावलं. एक माणूस आपल्या ट्रकबद्दल गात होता. बुधवारी सही व्हायची होती तेच दार. ते शेजारच्या सीटवर बसले, हात मांडीवर.

"कशी आहे?"

"बारीक आहे."

"बारीक म्हणजे काय? केव्हा येते?"

"बेस थांबल्यावर."

"थांबल्यावर की थांबताना?"

मी पुन्हा लावलं. "थांबताना. एकदाच."

"कोरडी की चिकट?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी तिसऱ्यांदा लावलं. "कोरडी. कागदावर नख ओढल्यासारखी."

त्यांनी समोर काचेतून पाहिलं. दाराला हात लावला नाही. "बाहेरच्या आरशाच्या मागे," म्हणाले. "वायरीचं जुडगं काचेच्या पट्टीला टेकून राहिलं असेल. उघड."

मी पॅनेल उघडलं. जुडग्यावरच्या काळ्या टेपवर ज्वारीच्या दाण्याएवढा भाग घासून चकचकीत झाला होता. मी ते मागे ओढून बांधलं, पॅनेल बसवलं, आत येऊन दार लावलं आणि ट्रकवालं गाणं पहिल्यापासून सुरू केलं. ते दाराकडे बघत नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"गेली?"

मी घाई केली नाही. गाणं शेवटपर्यंत ऐकलं, ट्रक घरी पोचेपर्यंत.

"गेली," मी म्हटलं.

त्यांनी डॅशबोर्डवरचा कागद उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि उतरले. मी सही करेपर्यंत ते पुढच्या गाडीपाशी पोचलेही होते.